प्रकल्प नोंदी: वरचं, खालचं आणि दोन्हीकडचं ईजीएफ

१० जून २०२४, सोमवार

नवी वही. मॅडमचा नियम पहिल्याच पानावर लिहून ठेवते: खाडाखोड चालेल, फाडलेलं पान चालणार नाही.

स्तनाच्या कर्करोगात जीव जातो तो बहुतेक वेळा मूळ गाठीने नाही. ती गाठ सोडून हाडांत, फुप्फुसांत, यकृतात, मेंदूत जाऊन बसलेल्या पेशींनी जातो. निघण्याआधी त्या पेशीला पायाखालचं अस्तर फोडावं लागतं. कोलॅजेन आणि लॅमिनिन यांनी विणलेलं हे अस्तर फार पातळ असतं, पण तिथल्या निरोगी पेशी ते ओलांडत नाहीत. मग ही का ओलांडते आणि कुणाच्या सांगण्यावरून? आमचा संशयित एकच, ईजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशीला वाढायचा निरोप देणारं प्रथिन.

पेशी दोन प्रकारच्या घेतल्यात. एमसीएफ-७ ही १९७० साली डेट्रॉइटमध्ये ६९ वर्षांच्या एका ननच्या शरीरातून मिळालेली. एमडीए-एमबी-२३१ ही १९७३ साली ह्यूस्टनमध्ये ५१ वर्षांच्या एका बाईच्या छातीत साचलेल्या पाण्यातून. दोघी केव्हाच गेल्या, पेशी अजून दर तीन दिवसांनी फ्लास्क भरून टाकतात. पहिली शांत, गोतावळा करून बसणारी. दुसरी लांबट, एकटीदुकटी, पाय पसरून फिरणारी. शिरकाव बघायचा तर कामाची दुसरीच.

पहिल्याच दिवशी वेडेपणा केला. २३१ साठी एल-१५ मीडियम (पेशी ज्यात वाढतात ते पोषक पाणी) वापरतात असं वाचलं होतं, म्हणून तेच घालून फ्लास्क कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवला. दुपारपर्यंत सगळं लिंबासारखं पिवळं. एल-१५ साध्या हवेसाठी बनवलेलं आहे, कार्बन डायऑक्साइडमध्ये ते आंबतं. ताई (पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आहे, माझी खरी गुरू तीच) फ्लास्ककडे बघून एवढंच म्हणाली, "सरबत केलंस?" आता सगळं डीएमईएम या दुसऱ्या मीडियममध्ये.

१३ जून, गुरुवार

ईजीएफ आलं. शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे कुपीच्या तळाशी दिसेल न दिसेल असा पांढरा डाग. कुरिअरवाल्याने शनिवार-रविवार डबा कुठेतरी ठेवून दिलेला, ड्राय आइस संपून आत नुसती थंड हवा. नशीब की सुकवलेली पावडर थोडे दिवस साधं तापमान सोसते. द्रावण असतं तर गेलं असतं.

झाकण उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेतली, नाहीतर पावडर झाकणालाच चिकटते आणि मग आपण रिकामी कुपी धुऊन प्रयोग करत बसतो. पातळ ॲसेटिक आम्लात विरघळवलं, थोडा अल्ब्युमिन घातला, छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवलं. वीस नळ्या झाल्या. एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही.

हा रेणू सापडण्याची गोष्ट मला फार आवडते. स्टॅन्ली कोहेन उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचत होते. पिल्लांनी वेळेआधी डोळे उघडले, दातही लवकर आले. पापणीची त्वचा लवकर पक्व करणारं काहीतरी त्या अर्कात होतं, ते हे ईजीएफ. अवघी ५३ अमिनो आम्लं. १९८६ चं नोबेल कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळालं. कर्करोगाचा विषय तेव्हा मनातही नसावा, पिल्लाचे डोळे उघडले एवढंच.

१८ जून, मंगळवार

स्क्रॅच टेस्ट. पेशींचा गच्च थर, त्यावर २०० मायक्रोलिटरच्या टिपने सरळ ओरखडा, मग तो किती वेळात बुजतो ते बघायचं. फोटो सुंदर येतात. पण यावर माझा विश्वास नाही. ओरखडा पेशी चालून बुजला की वाढून बुजला, हे कसं कळणार? मायटोमायसिन घालून वाढ थांबवता येते, तसं केलं. ईजीएफ असलेल्या विहिरीत २३१ लवकर पोचल्या. एमसीएफ-७ एकत्र, हातात हात घालून सरकल्या. तरी इथे फोडायला अस्तर नाही, ही मोकळ्या मैदानातली शर्यत.

(प्लेटमधल्या खाचेला सगळे 'वेल' म्हणतात. मी विहीर म्हणते. ताई हसते.)

२४ जून, सोमवार

सांजाव, आमचा गोव्यातला सण. डिचोलीहून येताना बसच्या काचेतून कोपेलं (फुलापानांचे मुकुट) घातलेली पोरं दिसली, खऱ्या विहिरीत उड्या मारायला निघालेली. लॅबमध्ये तिघंच. पेशींचं पासेज केलं, म्हणजे दाट झालेल्या पेशी नव्या फ्लास्कांत वाटल्या. साडेतीनला वीज गेली, जनरेटर चालू व्हायला अकरा मिनिटं लागली. इन्क्युबेटरचं दार कुणी उघडू नये म्हणून लॅबचे काका दारापुढे स्टूल टाकून बसले. "बाय, कोण येता तो पळोवया." (कोण येतंय ते बघूया.)

२७ जून, गुरुवार

आज मॅट्रिजेल. उंदराच्या एका ट्यूमरमधून काढलेलं हे अस्तराचं नकली रूप: लॅमिनिन, कोलॅजेन, सगळं आहे. बर्फावर पातळ असतं, खोलीच्या तापमानाला घट्ट होतं, आणि आमची खोली जूनमध्ये एसी लावूनही दमटच.

रात्रभर चार अंशांत बर्फात ठेवून वितळवलं. इथवर बरोबर. टिपा मात्र गार करायला विसरले. दुसऱ्या इन्सर्टला (विहिरीत बसणारी छोटी वाटी) पोचेपर्यंत टिपेच्या टोकाशी जेलची गुठळी. जोर लावला तर बुडबुड्यासकट एकदम सुटलं. एका इन्सर्टमध्ये डोंगर, दुसऱ्यात दरी. सहा इन्सर्ट वाया. या जेलची किंमत मोजायची नाही असं ताई सांगते, मी मोजली आणि जेवले नाही.

दुपारी परत. टिपांचा डबा, प्लेट, मीडियम, सगळं आधी फ्रिजमध्ये गार केलेलं. एका हाताने पिपेट, दुसऱ्याने प्लेट बर्फावर दाबून. बारा इन्सर्ट. आरपार धरून बघितलं तर पातळ, एकसारखी साय.

१ जुलै, सोमवार

पहिली मोजणी. रचना अशी: इन्सर्टच्या तळाला आठ मायक्रॉनची भोकं असलेला पडदा, त्यावर जेल, त्यावर उपाशी पेशी. खालच्या विहिरीत काही ठिकाणी ईजीएफ, काही ठिकाणी नाही. चोवीस तासांनी पडद्याची वरची बाजू कापसाच्या बोळ्याने पुसायची, खालची क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायची. खाली जी दिसेल ती जेल खणून आणि भोकातून आरपार आलेली.

निकाल: सगळीकडे सारखं. ईजीएफ आहे तिथे भरपूर, नाही तिथेही भरपूर.

ताईने पडदा मायक्रोस्कोपखाली घेऊन फोकस वर-खाली केला. अर्ध्या पेशी वरच्या पातळीवर. मी पुसताना हात हलका ठेवला होता, पडदा फाटेल या भीतीने. ती म्हणाली, "आई कढईची साय काढते तसं पूस. कडेकडेने, दोनदा." पुन्हा पुसलेल्या दोन इन्सर्टमध्ये फरक दिसला, पण मनासारखा नाही. ईजीएफ नसलेल्या विहिरीतही पेशी उतरत होत्याच.

५ जुलै, शुक्रवार

बुरशी. फ्लास्कमध्ये कापसाचे तंतू तरंगतात तसं काहीतरी, मायक्रोस्कोपखाली फांद्या फुटलेल्या दोऱ्या. सगळं ब्लीचमध्ये. इन्क्युबेटर रिकामा, पाण्याच्या ट्रेमध्ये कॉपर सल्फेट. मूळ बहुधा कोल्ड रूममधले पुठ्ठ्याचे खोके, त्यांना खालून हिरवी लव आली होती. आता खोका दाराबाहेर फोडायचा, आत फक्त प्लॅस्टिक. द्रव नायट्रोजनमधून गोठवलेल्या पेशींची नवी कुपी काढली.

१६ जुलै, मंगळवार

उद्या आषाढी. पेशींना आजपासूनच उपास, सीरम बंद. सीरममध्ये अनेक ग्रोथ फॅक्टर असतात. ते काढल्याशिवाय ईजीएफने काय केलं ते वेगळं दिसत नाही. आजीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मग उपास सोडताना तूच त्यांना काहीतरी गोड दे.

१९ जुलै, शुक्रवार

वेस्टर्न ब्लॉट: पेशीतली प्रथिनं एका मेंब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने हवं ते प्रथिन रेघेसारखं दिसतं. ईजीएफ दिल्यावर ०, २, ५, १५, ३० आणि ६० मिनिटांनी पेशी फोडल्या. ईजीएफ रिसेप्टरवर (ईजीएफ जिथे चिकटतं ते पेशीवरचं प्रथिन) फॉस्फेट चढला का, पुढे एर्कवर, एकेटीवर (आत निरोप नेणारी प्रथिनं) चढला का, हे बघायचं. फॉस्फेट चढला म्हणजे प्रथिन जागं झालं.

पहिला ब्लॉट आषाढातल्या आभाळासारखा, सगळाच करडा. अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून मी मेंब्रेन दुधाच्या पावडरीत ब्लॉक केला होता. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेट लावलेलं प्रथिन, आणि मी फॉस्फेट ओळखणारी अँटिबॉडी घातली. चोर शोधायला सगळ्यांनाच चोराचे कपडे घालून उभं केलं. दुसऱ्यांदा अल्ब्युमिनमध्ये ब्लॉक केला. साफ.

२२ जुलै, सोमवार

स्वच्छ ब्लॉट आणि मोठा घोळ.

रिसेप्टर पुस्तकाबरहुकूम वागला. शून्य मिनिटाला रेघ नाहीच जवळजवळ, दोन मिनिटांत उजळली, पाचला ठळक, तासाभरात ओसरली. ओसरते कारण ईजीएफ चिकटलेले रिसेप्टर पेशी आत ओढून घेते. एकेटीही साधारण तसाच चढला.

पण एर्क? शून्य मिनिटालाच जाड काळी रेघ. रात्रभर उपाशी पेशी, ईजीएफचा थेंब नाही, तरी एर्क जागा. ईजीएफने तो जेमतेम थोडा आणखी वाढला.

मला वाटलं उपास मोडला, कुठेतरी सीरम राहिलं. सकाळ धुण्यात घालवली. ताई शेवटी म्हणाली, "पेशीची कुंडली बघितलीस का?"

नव्हती बघितली. २३१ मध्ये के-रास जनुकात बदल आहे, तेराव्या जागी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टेट. वर बी-राफमध्येही बदल, ४६४ व्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन. रिसेप्टरकडून एर्ककडे निरोप जातो तो रास, राफ, मेक असा हातोहात. इथे मधल्या दोघांचा हात कायमचा वर. दाराची बेल कुणी वाजवो न वाजवो, आत घंटा चालूच. माझं प्रस्तावातलं पहिलं वाक्य, 'ईजीएफ एर्क जागा करतं आणि त्यामुळे पेशी शिरकाव करते', या पेशीपुरतं तरी आजच खोडलं. एक रेघ मारून, पान न फाडता.

मग ईजीएफने पेशी धावतात त्या कशाने?

३० जुलै, मंगळवार

झायमोग्राफी. जेलमध्येच जिलेटिन मिसळायचं, पेशींनी सोडलेली एन्झाइमं त्यात धावतात आणि जिथे थांबतात तिथे जिलेटिन खाऊन टाकतात. निळ्यावर पांढरी खिडकी उरते. जिलेटिन खाणारी दोन एन्झाइमं ७२ आणि ९२ किलोडाल्टन वजनाची, तिथे बघायचं. खिडक्या मिळाल्या, पण एका नमुन्यात सीरम होतं आणि सीरममध्येही हीच एन्झाइमं असतात. तो नमुना बाद. बाकी फिकट.

खरी गोष्ट वेगळीच सापडली, मॅट्रिजेलच्या कागदावर, बारीक अक्षरात. साध्या मॅट्रिजेलमध्ये ग्रोथ फॅक्टर असतातच, ईजीएफसुद्धा. ते कमी केलेला वेगळा प्रकार मिळतो. महिनाभर मी 'ईजीएफ नाही' असं लेबल लावलेल्या विहिरींत उंदराचं ईजीएफ ओतत होते, तेही वरून, पेशींच्या अंथरुणात. १ जुलैच्या मोजणीत उरलेलं कोडं बहुधा हेच. मॅडमना सांगायला गेले तर त्या हसल्या. "प्रत्येक बॅचमधलं एक जण हे पाऊस सुरू झाल्यावर शोधतं." नवीन जेल मागवलं.

८ ऑगस्ट, गुरुवार

जेल यायचं आहे. तोवर जेलशिवाय, नुसत्या पडद्यावर.

मनात हे घोळतंय: जास्त ईजीएफ म्हणजे जास्त धावणं, की ईजीएफ *कुठे* आहे त्यावर धावणं? ही वर-खाली दोन कप्प्यांची चेंबर मुळात स्टीफन बॉयडन यांनी १९६२ मध्ये पांढऱ्या पेशींसाठी केली. १९७३ मध्ये झिगमंड आणि हर्श यांनी तिच्यावर सोंगट्यांच्या पटासारखा प्रयोग मांडला: दोन्हीकडे काही नाही; फक्त वर; फक्त खाली; दोन्हीकडे सारखं. नुसती चळवळ वाढत असेल तर दोन्हीकडे सारखं असतानाही खूप पेशी उतरतील. दिशा कळत असेल तर फक्त खाली असताना उतरतील.

काकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, मांजराच्या चारही बाजूंनी बांगडे ठेवले तर ते जागचं हलणार कशाला. मॅडमच्या स्लाइडपेक्षा हे बरं.

१४ ऑगस्ट, बुधवार

सकाळी सहाची बस, कारण सहा तासांत मोजायचं होतं. जास्त वेळ गेला की खालचं ईजीएफ झिरपून वर येतं आणि उतार सपाट होतो.

चार अवस्था, प्रत्येकी तीन इन्सर्ट. पुसलं (कडेकडेने, दोनदा), रंगवलं, धुतलं, सुकवलं. ब्लेडने पडदा कडेने कापून काचेवर पालथा घातला.

मायक्रोस्कोपखाली आधी भोकंच दिसतात, सुईच्या टोकाएवढी गोल, शेकड्याने, कुठे दोन चिकटलेली. मग जांभळ्या पेशी. खालच्या बाजूला पूर्ण पोचलेल्या पसरून चपट्या झालेल्या, केंद्रक गडद. त्यांच्यात एक अर्धीच. तिचं पुढचं अंग भोकातून बाहेर येऊन पंख्यासारखं उघडलेलं, आणि केंद्रक मागेच, भोकात अडकलेलं, गडद जांभळा ठिपका लांबट दाबला गेलेला. पेशीत सगळ्यात ताठ वस्तू केंद्रक. बाकी सगळी पेशी पलीकडे, सामानाचा ट्रंक दारात. तिच्याकडे किती वेळ बघत बसले ते घड्याळात नोंदवलेलं नाही.

मोजणी: खाली ईजीएफ, वर नाही, इथे भरपूर. दोन्हीकडे नाही, त्याच्या तिसऱ्या भागाइतक्या. दोन्हीकडे सारखं, रिकाम्यापेक्षा किंचित जास्त, बस. फक्त वर, सगळ्यात कमी. स्लाइडची लेबलं झाकून ताईनेही वेगळं मोजलं, क्रम तोच आला.

चहाचा एक मग पुरला नाही, थेट दुसरा घेतला.

२२ ऑगस्ट, गुरुवार

मात्रा बदलून. खाली दर मिलिलिटरला १, १०, १०० नॅनोग्रॅम. दहाला सर्वाधिक पेशी, शंभरला परत कमी. रिसेप्टर सगळे भरून गेले की पुढच्या आणि मागच्या टोकात फरक उरत नाही. काकांचे बांगडे पुन्हा.

पुढच्या टोकाला घडतं ते असं. रिसेप्टर जागा झाला की फॉस्फोलिपेज सी नावाचं एन्झाइम पेशीच्या पडद्यातला एक चरबीसारखा रेणू तोडतं. त्या रेणूने धरून ठेवलेला कोफिलिन (एक प्रथिन) सुटतो आणि ॲक्टिनचे, म्हणजे पेशीच्या सांगाड्याचे, धागे तोडतो. तुटलेल्या टोकांवर नवे धागे वाढतात, आणि पेशीचा पडदा त्या बाजूला पुढे ढकलला जातो. बाजूला पीआय-३-कायनेज हे दुसरं एन्झाइमही काम करतं. यांत एर्कची घंटा कुठेच लागत नाही. १९९९ मध्ये कॅन्सर रिसर्चमध्ये याच २३१ वर आलेला लेख हेच म्हणतो, ईजीएफने होणारी हालचाल पीआय-३-कायनेज आणि फॉस्फोलिपेज सी यांच्या वाटेने. पंचवीस वर्षं आधी छापलेलं मी जूनमध्ये वाचलं असतं तर. शीर्षक वाचलंही होतं. वाचणं आणि कळणं यांच्यामध्ये दोन महिने आणि सहा इन्सर्ट.

३० ऑगस्ट, शुक्रवार

नवीन जेल आलं, थेट बर्फावर. आता अवरोधकं.

नुसता पडदा, सहा तास: जेफिटिनिबने (ईजीएफ रिसेप्टर बंद) धाव जवळपास थांबली. एलवाय-२९४००२ ने (पीआय-३-कायनेज बंद) बरीच कमी. यू-०१२६ ने (मेक बंद, म्हणजे एर्क झोपलेला, ब्लॉटवर खात्री केली) फारसा फरक नाही.

जेलसकट, चोवीस तास: इथे यू-०१२६ नेही पेशी कमी झाल्या. दिशा कळून उपयोग काय, वाटेतलं अस्तर खणायला एन्झाइमं लागतात, आणि ती बनवायला एर्कचा हात लागत असावा. पण हे एकदाच केलंय. शिवाय चोवीस तासांत औषधाने पेशीच मेल्या असतील तर? एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते सांगणारी चाचणी) करून बघितल्याशिवाय मॅडमसमोर तोंड उघडणार नाही. एलवाय-२९४००२ सुद्धा सरळमार्गी नाही, दुसऱ्या कायनेजांनाही चावतं.

४ सप्टेंबर, बुधवार

चवथीआधीची (गणेशचतुर्थीआधीची) शेवटची बैठक. एमटीटी झालं: यू-०१२६ वाल्या पेशी जिवंत आहेत.

मॅडमनी विचारलं, "शरीरात खाली ईजीएफ कोण ठेवतं?" मी गप्प. उत्तर त्यांनीच दिलं. गाठीच्या आसपासचे मॅक्रोफेज ईजीएफ सोडतात. ट्यूमरच्या पेशी उलट सीएसएफ-१ सोडून मॅक्रोफेजना बोलावतात. दोघं एकमेकांना हाका मारत रक्तवाहिनीकडे सरकतात, उंदराच्या गाठीत हे मायक्रोस्कोपखाली पाहिलं गेलंय. म्हणजे माझी खालची विहीर ही प्रत्यक्षात आपलीच पहारेकरी पेशी. पुढच्या टप्प्यात खाली ईजीएफऐवजी मॅक्रोफेज.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या मावशींनी ओळखपत्र बघून विचारलं, "कॅन्सरावर औषध काढतां?" म्हटलं, नाही, पेशी कशी चालते ते बघते. त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "चालता? म्हाका दिसलें ती फक्त वाडटा." (मला वाटलं होतं ती फक्त वाढते.) मला स्वतःलाही जूनमध्ये जवळजवळ तेच वाटत होतं. साखळीपर्यंत बोलत गेलो, माझं स्टॉप मागे राहिलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

चवथ झाली. माटोळीची (गणपतीवर टांगलेली) फळं उतरवून कालच परत. ताईने आठवडाभर माझ्या २३१ सांभाळल्या, फ्लास्कवर 'नेवऱ्या (करंज्या) आण' असं लिहून ठेवलेलं. आणल्या.

जेल आणि यू-०१२६ चा प्रयोग दुसऱ्यांदा लावला. टिपा काल रात्रीपासून फ्रिजमध्ये. बारा इन्सर्ट, सहा विहिरी ईजीएफसकट. उद्या सकाळी अकराला पुसायचं. उणे ८० मध्ये ईजीएफच्या उरलेल्या नळ्या: चार.